मोरोपंतांच्या नावच्या फेऱ्या

सन १९०७च्या सुमारास देवासच्या दरबारी दप्तरात मोरोपंत कामाला होते, असं म्हणायची पद्धत होती. काम कारकून करीत. पंत सही करीत, तीही दुपारच्या झोपेआधी. घर ते दप्तर दोनशे पावलं. तेवढ्यासाठी रोज बैलांची दमणी जुंपली जाई. जोडा नोकर घाली, पाय नोकर चेपी. जांभई तेवढी पंत स्वतः देत.

जाड माणसाला हसू नये. घरची स्वयंपाकीण जानकीबाई पंतांइतकीच जाड, पण पहाटेपासून विहिरीच्या दहा खेपा करी. पंतांचं दुखणं अंगात नव्हतं, मिजाशीत होतं.

माघात त्यांना बसल्याजागी धाप लागू लागली. गोपाळराव वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं, "पुड्या देत नाही. माताजीच्या टेकडीला रोज एक फेरी, पायी. नाहीतर पुढची दिवाळी विसरा."

दाराआड उभ्या सुमंगलेनं, पंतांच्या बायकोनं, ते ऐकलं. वय एकतीस. घरात पंतांची विधवा बहीण अक्का होती. डोईचे केस काढलेली, लाल आलवणातली, मंगलकार्यात कुणाला तोंड न दाखवणारी. आपलंही असंच होणार, या भीतीनं सुमंगलेला अन्न गोड लागेना.

पंतांनी मात्र तोड काढली. घरचे जप, अनुष्ठानं भटजीच करीत. यजमानानं पळीभर पाणी सोडलं की पुण्य यजमानाचं. मग फेऱ्यांनाच काय धाड भरली? दत्तंभटांना बोलावून पंतांनी संकल्प सोडला: सव्वा महिना, रोज एक फेरी, मोरोपंतांच्या नावानं.

"पण चालायचं इकडून आहे ना?" सुमंगला म्हणाली.

"काम होऊन राहिलंय ना? मग फालतू चिंता कशाला?" पंत म्हणाले.

एके दिवशी तिनं मुद्दाम बैल चरायला धाडले. पंत दप्तराला गेलेच नाहीत. बैल आजारी आहेत, असा निरोप पाठवून ते परत आडवे झाले. सुमंगला त्या दिवशी माजघरात बसून रडली, आणि नवऱ्याची तिला पहिल्यांदा उघड किळस आली.

इकडे दत्तंभटांची ढेरी उतरली. साठीच्या वयात ते पायऱ्या भराभर चढू लागले. रोज संध्याकाळी येऊन "आजची झाली" म्हणत, आणि ते ऐकून पंत दमल्यासारखे लोडाला टेकत नि केशरी दूध मागवीत.

सव्वा महिना भरला. उद्यापनाला दाल-बाफले, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, आणि लाडू. इतकं चालल्यावर भूक लागणारच, असं म्हणत पंतांनी सहावा बाफला तुपात बुडवला. जेवून दोघा गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून ओसरीपर्यंत गेले, गादीवर बसले, आणि तिथून उठले नाहीत.

दहाव्या दिवशी न्हावी आला. दीर जगदेवराव म्हणाले, शास्त्र आहे, टाळता येत नाही. सुमंगलेनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि सरळ दत्तंभटांकडे पाहिलं.

"भटजी, हे माझ्या नावानं दुसऱ्या कुणाकडून करवता येईल का हो?"

दत्तंभटांनी मान खाली घातली.

"नाही, वहिनी. हे ज्याचं त्यानंच करायचं असतं."

न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला.