निधनवार्तेची रीत

आमच्या साप्ताहिकात निधनाची बातमी छापायची एक रीत होती. घरच्यांचं सांगणं धरायचं नाही. अंत्यविधीला गेलेल्या बाहेरच्या कुणीतरी दौंडच्या कचेरीत स्वतः यायचं. माझे वडील, म्हणजे सगळ्यांचे आबा, त्याला समोर बसवून विचारायचे, “तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?” तो “व्हय” म्हणाला की मगच बातमी छापायला जायची.

सुरुवातीच्या काळात कासुर्डीच्या एका पुतण्यानं बांधाच्या भांडणातून जिवंत चुलत्याच्या निधनाचं पत्र पाठवलं होतं, आणि ते छापलं गेलं. चुलता अंक घेऊन कचेरीत हजर. आबांनी त्याला चहा पाजला, हातात तोच अंक देऊन फोटो काढला आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या पानावर छापला. तेव्हापासून ही रीत.

छपाईचे खिळे गेले, ऑफसेट आलं, आता अंक मोबाइलवरही जातो. रीत तीच राहिली. मी तिची पुष्कळ टिंगल केली.

मग एका सोमवारी आबा गेले. दुसऱ्या दिवशी मी कचेरी उघडून बसले. सुतकात हे काय, म्हणून आत्या बोलली. फोनवर श्रद्धांजलीचे मेसेज पडत होते, पण सांगायला कुणी आलं नाही. आमच्याच घरची बातमी आम्हाला सांगायला येणार तरी कोण? हे कळत होतं, तरी अडून बसले. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. ती रीत तेवढी हाताशी होती. गुरुवारचा अंक भांडगावच्या रस्त्याच्या बातमीवर निघाला. पुढचाही आबांच्या बातमीविनाच.

दशक्रियेनंतर दोन दिवसांनी राहू गावचे आप्पा आले. शेवंती पिकवणारे, आमचे पहिल्या अंकापासूनचे वाचक. दशक्रियेला दिसले नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर राग होता.

“आबा कुठं हायेत?” त्यांनी दारातूनच विचारलं.

मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

“बाजारात लोकं काय बी बोलत व्हती. भांडलो त्यांच्यासंगं.” त्यांनी दोन्ही अंक टेबलावर ठेवले. “म्हटलं, पेपरात न्हाई, म्हंजी झालं न्हाई.”

माझ्या हट्टापायी या माणसाचा शेवटचा निरोप हुकला होता. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. त्यावरूनच त्यांना कळलं. ते खुर्चीत बसले.

“मग छापलं का न्हाई, पोरी?”

“सांगायला कुणी आलं नाही.”

“म्या आलोय की. लिही.”

मी कागद पुढे ओढला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, “तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का?”

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “तू पाहिलंस ना?”

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

“व्हय,” मी म्हणाले. मग मला रडू आलं.