बेगमच्या पसंतीचा ट्रॅक्टर

माईआत्या कुठलीही नवी वस्तू आधी बेगमला दाखवायची. छत्री आणली की ती घरात न नेता थेट तबेल्यापुढे जाऊन उघडायची. बेगमने मान झटकली तर छत्री दुकानात परत. पावसाळी कोट, पत्र्याची बादली, अंगणात टाकायची ताडपत्री, इतकंच काय, माझा नवा चष्मासुद्धा या परीक्षेतून गेला होता. बेगम ही तिची म्हातारी घोडी. "माणसाला आवडलेली वस्तू माणूस चार दिवसांत विसरतं," आत्या म्हणायची. "जनावराला नको असलेली वस्तू जनावर जन्मात विसरत नाय."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. जालना रस्त्यावर शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती संपतात आणि करमाडची हद्द लागते, तिथे तिची थोडी जमीन आणि थोडी घोडी होती. लोक त्याला फार्म म्हणायचे, ती 'आमचा तबेला' म्हणायची. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या पोथी, नाहीतर कारकुनी. त्यात हिने घोडी पाळणाऱ्या माणसाशी लग्न केलं. तिचे यजमान, आमचे काका, गेले तेव्हा बाबांना वाटलं होतं, आता ही सगळं विकून शहरात येईल. तिने काकांचे बूट पुढे कापूस कोंबून पायात घातले आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी लीद उचलायला लागली. सलवार-कमीज आणि ते बूट. मी तिला दुसऱ्या कुठल्याही पायताणात पाहिल्याचं आठवत नाही, आमच्या घरच्या लग्नातसुद्धा नाही.

मी लहानपणापासून कमी बोलणारी. इंग्रजी शाळेत घातलेली, त्यामुळे मराठी आकडे अडखळत म्हणायची, आणि नातेवाईक हसायचे म्हणून उरलेलं बोलणंही बंद केलेलं. प्रत्येक घरी मला कोणी ना कोणी 'जरा मोठ्याने बोल' म्हणायचं. आत्या एकटीच म्हणाली, "नको बोलू. घोड्याला बडबडं माणूस चालत नाय." त्या एका वाक्यावर मी कितीतरी रविवार तिच्याकडे काढले. स्कुटी घेऊन जायचं, खरारा करायचा, दाणा भिजवायचा, संध्याकाळी परत यायचं. "आली का आमची मड्डम?" एवढंच ती म्हणायची आणि हातात घमेलं द्यायची.

तिचा जुना ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा मात्र माझं इंग्रजी कामाला आलं. तो ट्रॅक्टर काकांनी घेतला तेव्हाच जुना होता. तिथली बहुतेक घोडी त्याच्या आवाजातच जन्मली होती. तो सुरू झाला की त्यांना चाऱ्याची आठवण व्हायची. मेकॅनिकने इंजिन उघडलं, पुन्हा झाकलं आणि हात पुसत म्हणाला, "काकी, आता याला हार घाला." भाड्याने ट्रॅक्टर बोलवावा तर आजूबाजूची शेतं प्लॉटिंगमध्ये गेलेली. ट्रॅक्टरवाले सगळे मुरूम वाहायला लागलेले, आमच्या तुकड्यासाठी कोणी वळायला तयार नव्हतं. आणि चारा विकत घेऊन घोडी सांभाळणं आत्याला झेपणारं नव्हतं. तिने बाबांसमोरच सांगून टाकलं, "मृगाला घरचा मका पेरला गेला, तर घोडी राहतील. नाय पेरला, तर मी स्वतः विकीन. मग तुला परत परत यायची गरज नाय." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी घमेल्याकडे.

मग ओसरीवर बसून मी तिला ट्रॅक्टरची इंग्रजी माहितीपत्रकं वाचून दाखवू लागले. हा पस्तीस हॉर्सपॉवरचा, हा पंचेचाळीसचा.

"पस्तीस घोडी एकत्र ओढतात म्हणतो हा?" आत्या म्हणाली. "दोन तरी शेजारी बांधून दाखव म्हणावं त्याला. लाथा खाईल."

बाबूमामू बाहेर खोगीर पुसत होते. काकांच्या वेळेपासून घोडी आणि ट्रॅक्टर दोन्ही तेच सांभाळायचे. ते म्हणाले, "बाई, मॉडेल कौनसा बी लेव. आवाज देखके लेव."

"आवाज मी कोण बघणार? बेगम बघंल."

हे ऐकून कोणालाच नवल वाटलं नाही. बेगमची कीर्तीच तशी होती. शेजारच्या प्लॉटवर कारखान्याचा पाया खोदायला मोठं यंत्र आलं, तेव्हा बाकीची घोडी दिवसभर लांबच्या कोपऱ्यात दाटीने उभी राहिली. बेगम मात्र कुंपणाला टेकून कडबा चघळत होती. आत्याने गावभर सांगितलं, "निजामाच्या पागेतलं रक्त आहे. असल्या ठोकठोकीला ती भीक घालत नाय." अलीकडे बेगम हाकेला येत नसे, तेव्हाही आत्या म्हणायची, "म्हातारपणात माणसं रुसतात, हिनं रुसू नये व्हय?"

परीक्षेचा एक नियम होता. बाकीची घोडी त्या वेळी तिथे नकोत. एकाने कान टवकारले की सगळी टवकारतात, मग नेमकं कोणाला काय आवडलं नाही ते कळत नाही, असं आत्याचं म्हणणं. त्यामुळे शोरूमचा ट्रॅक्टर येणार त्या दिवशी बाबूमामू सगळ्यांना घेऊन लांब ओढ्याकडे जायचे. त्यात पोटुशी, पांढरी चांदणीही असायची. आत्याची सगळी आशा तिच्या शिंगरावर होती. ते चांगलं निघालं तर तबेल्याचं नाव पुन्हा होईल म्हणायची. जाताना बाबूमामू म्हणायचे, "शादी बेगमकी, और बाराती ओढेपे."

पहिला ट्रॅक्टर लाल होता आणि शोरूमवाल्यांनी हौसेने त्याला फुगे बांधले होते. त्याचा आवाज जुन्या ट्रॅक्टरसारखा होता, भरदार, एका लयीतला. पण फुगे वाऱ्यावर उडाले आणि बेगम चार पावलं मागे सरली. "नको," आत्या म्हणाली. सेल्समन तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला. तो घाईघाईने फुगे सोडायला लागला. "अहो काकू, फुगे काय गाडीबरोबर येत नाहीत! आणि ट्रॅक्टर तुम्ही चालवणार का घोडी?"

"चालवणार बाबू. सोसणार ती," आत्या म्हणाली. "एकदा नाय म्हणाली म्हणजे नाय."

दुसऱ्याचा धूर वाऱ्याबरोबर बेगमच्या नाकात गेला. ती फुरफुरली. तोही परत गेला. तिसरा निळा. तो वाऱ्याच्या उलट बाजूने आला, सेल्समनने या वेळी शहाणपणाने फुगे बांधले नव्हते, आणि त्याच्या खिशात गुळाचा खडा होता. ट्रॅक्टरचा आवाज बारीक आणि टोकदार होता, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मला तो दातात जाणवला. पण परीक्षा माझी नव्हती. बेगम पुढे आली, ट्रॅक्टर सुरू असतानाच तिने बॉनेट हुंगलं, आणि मग सेल्समनच्या खिशात तोंड घातलं. आत्याचे डोळे भरून आले. "झालं," ती म्हणाली. "हाच."

ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी आत्याने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ मला फोडायला लावला. तो पहिल्या फटक्यात फुटला नाही तशी म्हणाली, "मड्डम, त्याला इंग्रजीत सांग." आम्ही सगळे हसलो. सगळी घोडी आवारात होती; घरचा नवा माणूस सगळ्यांनी बघायला हवा, असं तिला वाटत होतं. बाबूमामूंनी चावी फिरवली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. त्या आवाजाने सगळी घोडी एकदम उधळली. धुळीत कोण कुठे ते दिसेना. बाबूमामूंनी लगेच इंजिन बंद केलं, पण तोवर चांदणी कारखान्याच्या बाजूच्या तारेत जाऊन पडली होती. तिला सोडवून उभी केली, तेव्हा तिचा पुढचा एक पाय तारेने फाटला होता आणि चारही थरथरत होते. आणि या सगळ्याच्या मधोमध बेगम फुटलेल्या नारळाचं खोबरं खात शांत उभी होती.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पत्र्याचं घमेलं उचललं, बेगमच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दगडाने ते जोरात वाजवलं. आवारातली बाकीची घोडी पुन्हा दचकली. बेगमचे कान हललेही नाहीत.

आत्याने घमेलं हळूच खाली ठेवलं. वळसा घालून ती बेगमच्या पुढे आली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. "कधीपासून गं?" ती म्हणाली. "सांगायचं नाय व्हय?"

चांदणीच्या पोटातलं शिंगरू त्याच आठवड्यात गेलं. शोरूमवाल्याने ट्रॅक्टर परत घेतला नाही. त्या सेल्समनला खरंच वाईट वाटलं असावं, त्याने टोपी काढून हातात धरली होती. पण तो म्हणाला, "नारळ फुटला काकू, पासिंग झालं. आणि तो लालवाला तर दुसऱ्याच दिवशी गेला." बाबूमामू मान खाली घालून म्हणाले, "लालवाला अच्छा था, बाई." आत्या म्हणाली, "व्हय."

तरीही तिने प्रयत्न केले. बंद ट्रॅक्टरच्या चाकांना दाण्याचे तोबरे अडकवले, सीटवर घोड्यांची जुनी झूल टाकली. घोडी त्याच्याजवळ खायला लागली, पण चावी फिरली की पुन्हा तेच. चांदणी तर चावीची किणकिण ऐकूनच घामाने भिजायची. मग ट्रॅक्टर चालवायचा तेव्हा घोडी ओढ्याकडे न्यायची आणि काम संपलं की आणायची, असं ठरलं. काही दिवस ते चाललंही. त्यानंतर ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर नव्या कारखान्याची भिंत उभी राहिली. मृग आला तेव्हा निम्मं शेत नांगरलेलं होतं आणि निम्म्यात तण माजलं होतं.

बाबा आले. "ताई, मी तुला आधीच म्हणत होतो," ते म्हणाले.

"बरोबर म्हणत होतास," आत्या म्हणाली. "पण तुझं बरोबर निघालं, ते मी घोड्यांना खायला घालू का?"

तिने शब्द पाळला. घोडी विकली. विकतानाही तिची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की ती पहिला प्रश्न विचारायची, "तुमच्याकडं ट्रॅक्टर आहे का?" आहे म्हटलं की त्याच्या शेतावर जायची आणि म्हणायची, "चालू करा." मी तिला स्कुटीवर मागे बसवून न्यायची. आता परीक्षेला बेगम नव्हती. आत्या स्वतःच डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून उभी राहायची. लोक माझ्याकडे बघून खुणेने विचारायचे, यांचं डोकं ठीक आहे ना? मी जमिनीकडे बघायची. चांदणीसाठी तिने चार गिऱ्हाइकं परत पाठवली. शेवटी पैठणच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐकून ती म्हणाली, "हा चालंल. पण वरातीला द्यायची नाय हिला. घाबरट आहे." त्याने आईची शपथ घेतली.

बहिरी म्हातारी घोडी कोणी घेतली नाही. ती आणि आत्या मागे राहिल्या. त्या दिवसांत आत्या बेगमशी वेगळ्या तऱ्हेने बोलायला लागली. नेहमी पुढून जायची, दिसेल अशी. मग तिच्या मानेला हनुवटी टेकवून तोंड मिटूनच काहीतरी गुणगुणायची. "कानात जात नाय," मला म्हणाली, "हाडात जातं." मीही एकदा करून पाहिलं. बेगमने डोळे मिटून घेतले.

बेगम हिवाळ्यात गेली. आत्या आमच्या फ्लॅटवर आली आणि काकांचे बूट चपलांच्या रॅकमध्ये, माझ्या सँडलशेजारी ठेवले. आईने बाजारातून काही नवं आणलं की ती हातात घेऊन इकडे-तिकडे बघायची, मग परत ठेवून द्यायची. ट्रॅक्टर प्लॉटिंगवाल्यांनी घेतला, तो तिच्याच जमिनीवर मुरूम टाकतो असं बाबूमामूंनी फोनवर सांगितलं. "चांगलं चालतो ना?" तिने विचारलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच ती राहिली. फार आजारी अशी नव्हतीच. खाणं कमी होत गेलं आणि एके दुपारी ती उठली नाही.

मागच्या लग्नसराईत मी ऑफिसातून घरी येत होते. क्रांती चौकात वरात होती, सगळी वाहनं अडलेली. डीजेची गाडी इतक्या जोरात वाजत होती की स्कुटीचा आरसा थरथरत होता. त्या गाडीच्या अगदी मागे, नवरदेवाला पाठीवर घेऊन, एक पांढरी घोडी उभी होती. अंगावर जरीची झूल, कपाळावर गोंडे. तारेने फाटलेला पुढचा पाय मी ओळखला. तिथे केस पुन्हा आले नव्हते.

ती घाबरत नव्हती. आत्याची घाबरट चांदणी त्या गाडीपासून हातभर अंतरावर, पाय सैल सोडून उभी होती. मला पहिल्यांदा वाटलं, शिकवली असेल कोणीतरी. तेवढ्यात गाणं संपलं आणि पुढचं सुरू व्हायच्या आधी चौकात क्षणभर शांतता झाली.

मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी स्कुटीवरून उतरून, जीव खाऊन हाक मारली, "चांदणी!"

बँडवाले, बायका, फेट्यातली पोरं, पोलीस, सगळ्यांनी वळून पाहिलं. नवरदेवानेसुद्धा. ती तशीच पुढे बघत उभी होती. गोंड्यांच्या मधून तिचे दोन्ही कान मला स्वच्छ दिसत होते, ते हललेही नाहीत. मी गाड्यांमधून वाट काढत तिच्यासमोर जायला निघाले, पण तोवर पुढचं गाणं सुरू झालं आणि वरात हलली.