हाकेची वाट पाहणारा हात

“खांद्याला दुखापत आहे असं लिहून द्या,” कोच तारिक म्हणाले. “मुलाचा मान राहील, आणि मलाही त्याला सामन्याबाहेर बसवण्याचं कारण मिळेल.”

साहिल माझ्या क्लिनिकच्या काचेच्या दाराबाहेर बाकावर बसला होता. त्याला आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं, पण कोचच्या पाठीवरून त्याला विषय कळला असावा. अंगठ्याने तो बुटाच्या तळाला अडकलेले, टर्फच्या कृत्रिम गवतातले रबराचे काळे कण एकेक करून उकरत होता.

मी कुवेतमधल्या एका खासगी विद्यापीठात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे फ्लॅग फुटबॉल खेळतात. अमेरिकन फुटबॉलचाच हा सौम्य अवतार. इथे अंगावर जाऊन पाडापाडी नसते. कमरेला लटकलेली कापडी फीत ओढली, की खेळाडू थांबतो. संघाचा कणा म्हणजे क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा, हे त्याला क्षणार्धात ठरवावं लागतं. धावणारा साथीदार जिथे आहे तिथे फेकून चालत नाही, जिथे पोहोचणार आहे तिथे फेकावा लागतो.

साहिल आमचा क्वार्टरबॅक. त्याचं कुटुंब मूळचं रत्नागिरीकडचं, जन्म मात्र इथलाच. त्याच्या हातून चेंडू सुटायचा तेव्हा हवेला शिवण घातल्यासारखा बारीक, सलग आवाज यायचा. प्रॅक्टिसमध्ये पाहणारे बोलणं विसरत. सामन्यात मात्र तोच हात मागे जाऊन तसाच थांबायचा. तोवर समोरचे येऊन फीत ओढून नेत. कॅन्टीनमध्ये वर्षभर वाद चालला होता. कुणी म्हणे, आळशी आहे. कुणी म्हणे, क्रिकेटवाल्यांना हा खेळ जमायचा नाही. कोचचा शब्द ठरलेला होता, टेम्परामेंट. हे त्याचं शेवटचं वर्ष होतं आणि अंतिम सामना तोंडावर आला होता. या वेळी बाकावर बसला असता, तर ‘वाया गेलेला’ हे विशेषण त्याला कायमचं चिकटलं असतं.

“आधी तपासते,” मी म्हणाले. “मग लिहायचं ते लिहीन.”

खांदा तपासताना मी बोलत नाही. बोटांना ऐकू यावं लागतं. साहिलचा खांदा तेल दिलेल्या बिजागरीसारखा फिरला. कुठे अडखळ नाही, कुठे सूज नाही, स्नायूंचा ताण दोन्हीकडे सारखा. मग मी त्याला मऊ चेंडू दिला आणि भिंतीवरच्या वर्तुळावर फेकायला लावला. मी “हं” म्हणायचे, तो फेकायचा. प्रत्येक फेक वर्तुळाच्या मध्यावर. त्याचं कोपर नीट दिसावं म्हणून मी बाजूला सरकले आणि त्या नादात “हं” म्हणायचं राहून गेलं.

हात मागे गेला आणि तिथेच थांबला.

“मॅडम, टाकू?” त्याने विचारलं.

“मला का विचारतोस?”

तो गोंधळला. “आय डोन्ट नो. असंच. सवय.”

मी कवितेच्या सहवासात वाढले. वृत्तात यती असते, म्हणजे ओळीतली विसाव्याची जागा. चांगला वाचक तिथे आपसूक थांबतो आणि आपसूक निघतो. निघण्यासाठी दुसऱ्याचा इशारा लागत असेल, तर त्याला ती ओळ पाठ आहे, पण अजून त्याची झालेली नाही. साहिलचा हात तसाच उभा होता. मी त्याला विचारलं, फेकायला कुठे शिकलास? हवल्लीत, तो म्हणाला, मामूंच्या टीममध्ये.

शुक्रवारी सकाळी मी कुवेतच्या हवल्ली भागात गेले. दुकानांच्या मागे वाळूचा रिकामा प्लॉट आहे. एरवी तिथे गाड्या लागतात. शुक्रवारी नमाजच्या आधी कोकणातली मंडळी टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. वाळू अजून गार होती. कुठून तरी वेलचीच्या चहाचा वास येत होता. साहिलचे मामू इस्माईलभाई, स्पेअर पार्ट्सच्या दुकानाचे मालक, स्टंपमागे कीपर म्हणून उभे होते. त्यांचा आवाज भरतीसारखा मैदानभर पसरलेला. “साहिल, माझ्याकडे!” म्हटलं, की सीमेवरून चेंडू सपाट रेषेत त्यांच्या ग्लोव्ह्जमध्ये. “साहिल, बॉलरकडे!” म्हटलं, की दुसऱ्या टोकाला. प्रत्येक फेकीआधी हाक. क्रिकेटमध्ये हे योग्यच आहे. चेंडू उचलणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून कीपरने सांगायचं आणि त्याने ऐकायचं. लहानपणापासून दर शुक्रवारी साहिल असाच ऐकत आला होता.

खेळ थांबला तेव्हा मी इस्माईलभाईंना विनंती केली, थोडा वेळ हाक देऊ नका.

“गप्प राहू?” ते हसले. “अहो बाय, माझ्या बायकोने एवढी वर्षं प्रयत्न केले. तिला नाय जमलं.”

पण ते राहिले. पुढचा फटका साहिलकडे गेला. त्याने वाकून चेंडू उचलला, हात मागे नेला आणि मामूंकडे पाहत उभा राहिला. फलंदाज धावतच राहिले. सगळे ओरडू लागले तरी हात हलला नाही, कारण त्या ओरडण्यात ओळखीची हाक नव्हती. इस्माईलभाईंनी ग्लोव्ह्ज काढले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मी ओरडल्याशिवाय त्याने कधी बॉल सोडला नाय,” ते हळूच म्हणाले. “मला वाटायचं, पोर आज्ञाधारक आहे.”

“आहेच,” मी म्हणाले. “पण आता दुसऱ्या खेळात आहे.”

रविवारी मी कोचना सांगितलं. प्रॅक्टिसमध्ये प्रत्येक फेकीला तुम्ही “नाऊ!” म्हणता. म्हणून तिथे तो उत्तम खेळतो. सामन्यात तुम्ही रेषेबाहेर असता आणि तुमचा आवाज गर्दीत बुडतो. तो हाकेची वाट पाहतो.

“म्हणजे दोष माझ्या गळ्याचा?” कोचनी भुवया चढवल्या.

“दोष कुणाचाच नाही. खांदा नॉर्मल आहे, आणि मी नॉर्मलच लिहिणार.”

“आणि तो अंतिम सामन्यात पुन्हा गोठला तर?”

“तर टेम्परामेंट म्हणा. आजपासून मात्र गप्प राहा.”

आमच्या व्यवसायात एक शब्द आहे, क्यू. शरीराला हालचाल सुरू करायला मिळणारी खूण. बाहेरचा क्यू काढून घेतला, तर त्या जागी आतला द्यावा लागतो. आम्ही साहिलसाठी मागच्या पायाची टाच निवडली. चेंडू हाती आला की मागे सरकायचं, टाच जमिनीत रुतली की तीच हाक. डोळे मिटून, अनवाणी, वाळूत, मग टर्फवर, मी त्याला ती टाच ऐकायला शिकवली. कोचना गप्प बसणं फार जड गेलं. शेवटी ते खिशात खजूर घेऊन येऊ लागले. ओरडावंसं वाटलं, की एक तोंडात. पहिले काही दिवस चेंडू भलतीकडेच जात होते आणि खजूर भराभर संपत होते. मग एका संध्याकाळी साहिलने फेकला आणि विचारायला वळून पाहिलंच नाही.

अंतिम सामना दुपारी होता. समुद्रावरून दमट वारा येत होता आणि तापलेल्या टर्फला रबराचा वास सुटला होता. शेवटच्या डावाला आम्ही मागे होतो. प्रेक्षकांत इस्माईलभाई होते. त्यांनी रुमालाची घडी तोंडावर धरली होती, सर्दी झालेल्या माणसासारखी. कोचचा एक गाल फुगलेला होता.

चेंडू साहिलच्या हाती आला. तो मागे सरकला. समोरून दोघे त्याच्या फितीवर झेपावले. आमचा बदर डाव्या कडेने धावत होता, पण अजून वळला नव्हता. ज्या कोपऱ्यात तो पोहोचणार होता, तिथे फक्त रिकामं हिरवं होतं. मी साहिलच्या हाताकडे पाहिलं नाही. टाचेकडे पाहिलं. ती रुतली.

चेंडू त्या रिकाम्या हिरव्याकडे निघाला. तीच शिवण, तोच सलग आवाज. बदर वळला तेव्हा चेंडू त्याच्या छातीपाशी आलेला होता. त्याने तो मिठीत घेतला आणि रेषेपलीकडे पडला. त्या गुणांवर आम्ही जिंकलो.

पुढचा गलका मला एकसंध आठवत नाही. इस्माईलभाईंनी रुमाल काढला आणि इतक्या दिवसांचं साठवलेलं सगळं एकाच आरोळीत मोकळं केलं, एवढं आठवतं. साहिलने मान वर केली, मामूंना शोधलं आणि हात उंचावला. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचंच नाव पुकारलं गेलं. कॅन्टीनमधल्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की त्यांना पहिल्यापासून खात्री होती.

कोच तारिक अजूनही खजूर घेऊन मैदानावर येतात. वजन वाढल्याची तक्रार घेऊन मध्यंतरी ते माझ्याकडे आले होते. मी त्यांना एवढंच सुचवलं, की एखाद्या मुलाची गुणवत्ता वाया गेली असं म्हणण्याआधी त्याच्या आसपास कोण बोलतंय ते ऐकावं. आणि खांदा नॉर्मल असेल, तर रिपोर्टमध्ये नॉर्मल लिहावं.