नानांचा पेला

नाना करवंट्यांवर कोरीवकाम करायचे, तेही निव्वळ हाताने. करवतीचं पातं, कानस आणि घासकागद, बस्स. लेकीने ग्राइंडर आणि ड्रिल घरात आणलं, त्या दिवशी त्यांनी आपलं स्टूल उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. "मशीनला काय कळतंय, कुठे थांबायचं ते!" तेव्हापासून बापलेक एकमेकांकडे पाठ करून कामाला बसत. बोलणं आईमार्फत. "तिला सांग, धूळ इकडे येतेय." "त्यांना सांग, खिडकी उघडा." आई मधे बसून भाजी निवडायची आणि कुणालाच काही सांगायची नाही. दोघांनाही ऐकू येतं की, असं तिचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मग नानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात पार दुबळा झाला, डावा थरथरू लागला. पाणी भरपूर पाजा, असं डॉक्टरांनी बजावलं आणि घोडं तिथेच अडलं. स्टीलचा पेला हातातून निसटे. तोटीचा प्लॅस्टिकचा कप पुढे केला की नाना ओठ घट्ट मिटून घेत. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, तो काय तान्ह्या पोरासारखं चोखत पाणी पिणार? जीभ कोरडी पडली, भरदिवसा ग्लानी येऊ लागली. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. लेकीच्या जिवाला घोर लागला.

तिने एक जाड, अख्खी करवंटी निवडली. नारळाचे तीन डोळे असतात तो अर्धा भाग कापून बाजूला टाकला, कारण तिथून पाणी झिरपतं. उरलेल्या भागाला बूड म्हणून दुसऱ्या करवंटीचं कडं चिकटवलं, काठ गोल केला आणि पॉलिशच्या कापडी चाकावर धरून पेला असा चमकवला की त्यात तोंड दिसावं. चकाकी आणण्यात तिचा हातखंडा होता ना! तिथेच बाई फसली. नानांच्या दोन्ही हातांतून तो पेला साबणाच्या वडीसारखा सटकला. पांघरूण चिंब झालं.

"एवढं सगळं येतं मला, आणि तुम्हाला घोटभर पाणी पाजता येत नाही," ती थेट त्यांनाच म्हणाली आणि रडायलाच लागली.

नानांनी मांडीवर पडलेल्या पेल्यावरून अंगठा फिरवला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळला.

"कानस."

"आता ती कशाला?"

"आण गं."

तिने पेला धरला, त्यांनी डाव्या हातात कानस घेतली. हात थरथरे, कानस वाटेल तिकडे जाई, चकाकीवर ओरखडेच ओरखडे. तरी ती पेला घट्ट धरून राहिली.

"फिरव," नाना म्हणत. ती थोडा फिरवी. बोटं टेकतात तिथे सगळीकडे पेला खरबरीत झाला, दिसायला थेट उंदराने कुरतडल्यासारखा. नानांना धाप लागली होती.

तिने पेला धुऊन अर्धा भरला. नानांनी दोन्ही हातांनी धरला. हात हलले, पेला हलला, थोडं पाणी गळ्यावर सांडलं. पण निसटला नाही. ते घोट घोट करत सगळं प्यायले.

"अजून," ते म्हणाले.

लेक उठली, पण आधी तिने ओढणीने त्यांची हनुवटी पुसली. नानांनी पुसू दिली.