न बनलेल्या गाडीची हवा

मे महिन्यात डोणगावात घरातल्या एकुलत्या एका कूलरपुढून बापाला उठवणं म्हणजे वाघाच्या तोंडचा घास काढणं. मी उठवलं. आमच्या कॉलेजची पोरं सौरऊर्जेवर चालणारी गाडी बनवत होती, आणि तिच्या अंगावरून हवा कशी वाहील याचं सिम्युलेशन माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालू होतं. तापला की मेला बंद पडायचा. म्हणून तो कूलरपुढे मांडला.

"गाडीले हवा लागावी म्हून बापाची हवा बंद!" बाबा घाम पुसत म्हणाले. "थे गाडी हाय तरी कुठी?"

"अजून बनलीच नाही."

"घ्या! न जन्मलेल्या गाडीले कूलर, अन् जित्या मानसाले घाम!"

संध्याकाळी पाचला ऑनलाइन मीटिंग होती. गाडीसाठी दोन आकार होते, एक माझा, एक वर्गातल्या एका शहाण्याचा. हवेचा अडथळा ज्याला कमी, तो आकार घ्यायचा. त्याचा आकडा आला होता. दुपारी माझा त्याहून कमी दिसत होता, पण अजून स्थिरावायचा होता. तरी मी मनातल्या मनात पेढे वाटून टाकले.

तेवढ्यात मामा टपकले. पाहुणा आला की कूलर पाहुण्याचा, आमच्याकडे याला अपील नाही. आईने लॅपटॉप उचलून कोपऱ्यात ठेवला.

"अवं माय, बंद पडन ना थो!" मी ओरडले.

"पाहुण्यासमोर तोंड बंद."

दहा मिनिटांत लॅपटॉपचा तवा झाला. रागाने रडूच फुटलं मला. बाबांनी धान्य पाखडायचं सूप घेतलं आणि लॅपटॉपला वारा घालत बसले. दोन तास, हात बदलत, मामांशी कपाशीच्या गप्पा मारत.

"भाऊजी, कॉम्प्युटरले वारा?" मामा हसले.

"पोरीचं लेकरू तापलं हाय."

पाचला पाच कमी असताना सिम्युलेशन संपलं. आकडा चढत चढत त्या शहाण्याच्या वर जाऊन बसला होता. दुपारचा कमी आकडा माझ्या वहीत होताच. खोटं कशाला बोलू, तोच सांगून टाकावा असं मनात आलं. कोणाला कळणार होतं?

मीटिंगमध्ये माझी पाळी आली. मागून बाबांनी खांदा चोळत विचारलं, "कमी आला ना वं?"

"नाही बाबा, जास्त आला," मी म्हटलं. माइक चालू आहे, हे मला माहीत होतं.