सासरवाडी चुकवायची डोंगरवाट

माणसं साहसासाठी मोटारसायकल डोंगरात घालतात. मी सासऱ्यांना चुकवण्यासाठी घातली होती.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आजही आमच्या नाशिकच्या घरी कोणी पाहुण्याने 'डोंगरातली भटकंती', 'तंबूतला मुक्काम' असला विषय काढला, की मी उगाच ताठ बसतो आणि आमची सुनंदा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून जाते.

गोष्ट नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी अधिक महिना आला होता. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयांचा महिना! तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहेतीस अनारसे आणि दिवा देऊन ओवाळायचं, असा सगळा थाट. लग्नानंतरचा माझा हा पहिलाच. कुठल्याही शहाण्या जावयाने उड्या मारत जावं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर पुरणानेच पोळलं होतं.

झालं होतं असं, की दिवाळसणाला सुनंदाच्या तीन काकू तीन बाजूंनी माझ्या ताटावर तुटून पडल्या होत्या. एकीला नको म्हणायला मान वळवावी, तर दुसरी पोळी टाकून मोकळी. अकराव्या पोळीनंतर मी मोजणं सोडलं. त्यात कोणीतरी उखाण्याची टूम काढली. समोर पन्नास-साठ माणसं, पोटात पुरण, डोक्यात अंधार. मी तोंड उघडलं आणि मला बायकोचं नावच आठवेना! (चेष्टा नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं आठवलं आणि मी ते घेतलंसुद्धा.) सासरवाडी सटाण्याच्या पुढची, म्हणजे बागलाणातली. तिथली माणसं जीव लावतात आणि चेष्टाही जीव लावूनच करतात. पुढचं वर्षभर ती पुरली.

तेव्हा या खेपेला मी सुनंदाला सांगितलं, की कारखान्यात शटडाऊन आहे, मशिनं उघडून ठेवली आहेत, मला अजिबात सुट्टी नाही. ती गुपचूप साड्यांच्या घड्या घालत राहिली आणि शुक्रवारच्या एसटीने एकटीच माहेरी गेली. जाताना फक्त म्हणाली, "आप्पांना मी समजावते. तुमच्यावर सगळी जबाबदारी असते, तुम्ही तरी काय करणार." मला थोडं लागलं. पण थोडंच.

कारण तिकडे कारखान्यात मी शनिवारच्या रजेचा अर्ज देऊन बसलो होतो. कारण लिहिलं होतं, 'धोंड्याच्या महिन्यानिमित्त सासरवाडीस जाणे.' आमचे साहेबही कोणाचे तरी जावईच. त्यांनी अर्ज वाचलासुद्धा नाही पुरता, सही केली आणि चार अनारसे आणायला सांगितले. म्हणजे घरी कारखाना सांगितला आणि कारखान्यात सासरवाडी. आपण केवढे हुशार आहोत असं मला त्या दिवशी वाटलं. पुन्हा कधी वाटलेलं नाही.

ही अक्कल खरं तर किशोरची. किशोर माझा शाळेपासूनचा मित्र, अजून लग्न न झालेला, ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला. त्यामुळे मोटारसायकल म्हणजे त्याला किस झाड की पत्ती. (तो तिथे स्टोअरमध्ये होता. विमान त्याने लांबूनच पाहिलं होतं.) त्याचा बेत असा होता की माझ्या मोटारसायकलवरून उत्तरेकडच्या डोंगरात शिरायचं, साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याला तंबू ठोकायचा आणि रविवारी संध्याकाळी परत. तंबू म्हणजे त्याच्या काकांची कांद्यावर टाकायची ताडपत्री. बरोबर रॉकेलचा स्टोव्ह, एक पातेलं आणि तांदूळ-डाळ.

शनिवारी सकाळी निघालो. वणी गेलं, कळवण गेलं, आणि मग खरी अडचण आली. साल्हेरला जायचा धड रस्ता सटाण्यावरून, आणि त्या रस्त्यावर दर दोन मैलांना सुनंदाचा एक मामा राहतो. एकाची चहाची टपरी, एकाचं पंक्चरचं दुकान, एक तर एसटीत कंडक्टर. मी मे महिन्याच्या उन्हात माकडटोपी घातली होती ती हौस म्हणून नव्हे. पण माकडटोपीतही मामे लोक ओळखतात. म्हणून मी किशोरला म्हटलं, आपण डांबरी रस्ता सोडू आणि डोंगरातून आडवे काढू. त्याला काय, हेच हवं होतं.

डोंगरातून आडवं काढणं हे बोलायला फार सोपं आहे. बैलगाडीची चाकोरी होती तोवर बरं चाललं. मग चाकोरी संपली आणि कोरडा नाला लागला. नाल्यात टरबुजाएवढे धोंडे. (महिनाच धोंड्याचा!) त्यावरून गाडी अशी उडत होती की माझे दात एकमेकांवर आपटत होते. मागे किशोर ताडपत्री पाठीवर आणि स्टोव्ह मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याला बराच वेळ कारखान्यातलं काहीबाही सांगत होतो. उत्तर येईना तेव्हा वळून पाहिलं, तर मागे नुसतीच सीट. अर्धा मैल परत गेलो. किशोर एका दगडावर स्टोव्ह पोटाशी धरून बसला होता. त्याचं म्हणणं होतं की हाका मारून त्याचा घसा बसला.

एक डोंगर चढलो, एक उतरलो. वाटेत जो भेटेल तो साल्हेरची वाट सांगण्याआधी आम्ही कोणाकडचे पाहुणे ते विचारी. मी दर वेळी वेगळं आडनाव सांगे आणि घाईघाईने तो दाखवेल त्याच्या उलट दिशेला गाडी हाणी. असं दिवसभर केल्यावर माणूस जिथे पोचायचा तिथेच पोचतो. सूर्य मावळला तेव्हा आम्ही कुठे होतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका टेकडीच्या उतारावर शेताचा बांध दिसला, जागा सपाट होती. ताडपत्रीचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं मोटारसायकलला, आणि कच्ची खिचडी खाऊन आडवे झालो. मला मात्र फार सुख वाटत होतं. उद्या पाट मांडला जाईल आणि त्यावर मी नसेन, या विचाराने छान झोप लागली.

सकाळी ताडपत्री वर करून बाहेर डोकावलो. खाली गाव दिसत होतं. देवळाचा शेंदरी कळस, हिरवी पाण्याची टाकी, टाकीपलीकडे शाळेचं मैदान. मैदान ओळखीचं वाटलं. वाटणारच, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या लग्नाचा मांडव तिथेच पडला होता! दिवसभर डोंगराला वळसे घालून आम्ही सासरवाडीच्या मागच्या दारात येऊन झोपलो होतो. आणि ज्या बांधावर झोपलो होतो, तो आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा होता.

मी किशोरला लाथ मारून उठवलं. गाडीला किक मारली, तर गाडी चालू होईना. वीस किका मारल्या. मग किशोरमधलं विमान जागं झालं आणि त्याने कार्बोरेटर उघडून त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. तेवढ्यात एक म्हातारी बाई शेरडं घेऊन वर आली. आमच्याकडे निरखून बघत तिनेही तिकडच्या बोलीत तोच पाहुण्यांचा प्रश्न विचारला, "कोना पाव्हना शेतस रे भाऊ?"

मी माकडटोपी ओढून घेतली आणि आवाज बदलून सांगितलं, की आम्ही वनखात्याचे, जंगलाची मोजणी चालू आहे. तिने ताडपत्रीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, शेवटी स्टोव्हकडे बराच वेळ पाहिलं, आणि शेरडं तिथेच सोडून गावाकडे चालती झाली. चालती कसली, धावली.

पाऊण तासात दहा-बारा माणसं टेकडी चढताना दिसली. बऱ्याच जणांच्या हातात काठ्या. पुढे पांढरी टोपी घातलेले आप्पा. आप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. गावातल्या दोन पिढ्यांची पाठ त्यांनी मऊ केलेली. त्या दिवसांत विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, तेव्हा ही माणसं काय समजून येत होती ते उघड होतं. किशोर म्हणाला, पळू या. मी त्याला वर्तमानपत्रावरची गाडी दाखवली.

खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सुनंदा उभी राहिली. तिने घरभर सांगितलं असेल, त्यांच्यावर कारखान्याची जबाबदारी आहे, त्यांचा इलाजच नाही. आणि आता तिचा जबाबदार नवरा माकडटोपी घालून बापाच्याच बांधावर पातेल्याशेजारी सापडणार. जन्मभर माहेरी मान वर करता आली नसती बिचारीला. त्यापेक्षा चोर म्हणून मार खाल्लेला परवडला. मी टोपी हनुवटीपर्यंत ओढली, खाली बसलो आणि ठरवलं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

आप्पा आले. माझ्यासमोर उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. काठी काही पडली नाही, टोपी मात्र निघाली. डोळे उघडले तर ती आप्पांच्या हातात होती.

"लागलं नाही ना कुठे?" ते म्हणाले, आणि त्या कडक मास्तरांनी मला सगळ्यांसमोर पोटाशी धरलं.

मागून कोणीतरी खाली गावाकडे तोंड करून ओरडलं, "जवाई सापडना!" (तिकडच्या बोलीत 'सापडना' म्हणजे सापडला.)

मग एकेक गोष्ट कळत गेली. शनिवारी दुपारी मी वेळेवर जेवलो की नाही हे विचारायला सुनंदाने वाण्याच्या दुकानातून कारखान्यात फोन केला. तिथल्या ऑपरेटरने सांगितलं, की ते सासरवाडीला गेलेत, सकाळीच निघाले असतील! आधी सगळ्यांना आनंद झाला. जावयाने न सांगता येऊन चकित करायचं ठरवलंय म्हणून पुन्हा पुरण घातलं. संध्याकाळ झाली तरी मी नाही. मग एकेक मामा रस्त्याला लागला. सटाण्यापर्यंतचे दवाखाने पालथे घातले, खड्डे, मोऱ्या बघून झाल्या. घरात कोणी जेवलं नाही. म्हातारीने मोटारसायकलचं सांगताच आप्पा चपला न घालता निघाले होते. काठ्या होत्या त्या मला उचलून न्यावं लागलं तर झोळी करायला.

 मला खोटं बोलावंच लागलं नाही, ते काम सगळ्या गावाने मिळून केलं. शटडाऊन उरकून, रस्ता सोडून, जवळच्या वाटेने डोंगर तुडवत जावई धोंडे खायला आला, आणि उशीर झाला म्हणून भिडेखातर बांधावरच झोपला! असा जावई पंचक्रोशीत नाही असं ठरलं. गाडी बैलगाडीत चढली, किशोरलाही माझ्या शेजारी पाट मिळाला. दारात सुनंदा ओवाळायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी काकूंनी वाढलं तेवढं सगळं मी मान खाली घालून खाल्लं.

जेवणं झाल्यावर सुनंदाने मला मागच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात आमचं सामान ठेवलेलं होतं. तिने स्टोव्ह उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"सासरवाडीला जेवायला येणारा माणूस स्टोव्ह कशाला आणतो?"

मी सगळं सांगून टाकलं. शटडाऊन, रजेचा अर्ज, माकडटोपी, वनखातं, सगळं. ती ऐकत होती. रडेल असं वाटलं, आणि रडलीच, पण रडता रडता तिला असं हसू फुटलं की तिला भिंतीला टेकावं लागलं. शेवटी पदराने डोळे पुसत ती म्हणाली,

"रात्रभर देवाला म्हणत होते, त्यांचे हातपाय तेवढे धड असू देत. घाईत डोक्याचं सांगायचं राहून गेलं."