सदतीस अंशांवरचा तास

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६. समोर अंबाडीच्या दोन जुड्या आहेत, निवडायच्या. एक काडी निवडते, एक ओळ लिहिते. वहीवर डाग पडतील — पडोत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना तर नाहीच.

तुम्हाला इन्क्युबेशन माहीत आहे? मी पोषण-संशोधनाच्या संस्थेत रक्ताचे नमुने तपासते. ते सदतीस अंशांवर तासभर ठेवावे लागतात. खरंच लागतात — सकाळी दहा ते अकरा. मग हिमायतनगरच्या आमच्या घरी गेली नऊ वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते संध्याकाळी का होतं? सासूबाई शेजारणींना अभिमानानं सांगतात, "आज तिचं इन्क्युबेशन आहे, कुकर मीच लावते." आणि लॅबमध्ये? तिथे मी साडेपाचच्या ठोक्याला पर्स उचलते — "घर आहे बाई मला!"

इथवर गंमतच आहे. पुढचं जरा अवघड.

देशाची दारं उघडली तसा आमच्याकडे एक परदेशी प्रकल्प आला. त्याच्याबरोबर नवे संगणक आले आणि एक नवी कल्पनाही — संशोधकांना कोचिंग! काम आणि घर दोन्ही सांभाळून तब्येत आणि डोकं कसं ठिकाणावर ठेवावं, हे एका अनुभवी माणसानं बाकीच्यांना दर आठवड्याला सांगायचं. सासूबाईंना कोचिंग म्हणजे प्रवेशपरीक्षेचे क्लास. "या वयात? नापास झालीस की काय?" नापास कसली — शिकवायला मलाच नेमलं. रोज साडेपाचला निघणारी दुसरी होती कोण? मी माझं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं: सहाला घर, सातला स्वयंपाक, आठला मुलांचा अभ्यास. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

पद्मजानं तर ते पाळलंही. तिची मुलगी दोन वर्षांची, घर विद्यानगरला, आणि लॅबमध्ये तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नाही. काल तिनं राजीनामा लिहून माझ्या हातात दिला; उद्या तो मी साहेबांकडे न्यायचा. "मेरेसे नै होता, मॅडम. अपने वास्ते एक मिनिट नै बचता. आप कैसा करते?"

मी काय म्हटलं? "आदत पड जाती." म्हटलं — आणि पर्स उचलली.

कसं करते? कोठीच्या बाजारात जाते. पुस्तकांच्या दुकानांपलीकडे एक इराणी हॉटेल आहे, तिथल्या फॅमिलीच्या खोलीत बसते, चहात उस्मानिया बिस्किट बुडवते, आणि तासभर कुणाचीच कुणी नसते. त्या दोन तासांवर माझा अख्खा आठवडा चालतो. फळ्यावर नेमके तेच लिहिले नव्हते. लाज चहाची नाही. एक हुशार मुलगी स्वतःला नालायक समजून चाललीय, तिला थांबवायला एक खरं वाक्य पुरलं असतं — आणि मला माझी शाबासकी प्यारी होती.

सोमवार. सकाळी कुकर लावता लावता सासूबाईंना सांगून टाकलं. नवरा पेपरआडून ऐकत होता. तिसऱ्या शिट्टीला सासूबाईंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं! आणि मला एकदाही नेलं नाहीस?"

लॅबमध्ये दहाच्या आधी पोचले. 'सहाला घर' फळ्यावर अजून तसंच होतं. ते पुसलं आणि पद्मजासमोर लिहिलं: मंगळवार, शुक्रवार, साडेपाच ते साडेसहा — कोठी, चहा, एकटी. घरी खोटं सांगून.

तिनं ते दोनदा वाचलं. मी राजीनामा तिच्या हातात परत दिला, आणि नमुने सदतीस अंशांवर लावायला गेले.